इशारे कोणी ऐकले नाहीत, ते पूर्ण लिहा : प्रदर्शन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
दुसऱ्या महायुद्धावरील फिरत्या प्रदर्शनाची संयोजन समिती

विषय : ज्यू संहाराच्या दालनातील शेवटचा फलक आणि शालेय पुस्तिका यांत दुरुस्ती करण्याबाबत

स. न. वि. वि.

आपले प्रदर्शन आमच्या शहरात आले तेव्हा मी ते सावकाश, फलक न् फलक वाचत पाहिले. छायाचित्रांची निवड चांगली आहे, नकाशे लांबूनही वाचता येतात, आणि मराठीतून असे काम फारसे होत नसल्यामुळे आपल्या श्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ज्यूंच्या संहाराच्या दालनातील शेवटच्या फलकावर लिहिले आहे : ‘ज्यू समाजाला वेळोवेळी इशारे मिळाले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्याची किंमत साठ लाख प्राणांनी मोजली.’ शाळांना द्यायच्या पुस्तिकेत याच मजकुराखाली विद्यार्थ्यांसाठी प्रश्न आहे : ‘तुम्ही त्यांच्या जागी असता तर कोणत्या वर्षी देश सोडला असता?’ याविषयी मी समितीला आधी खासगी पत्र पाठवले होते. त्यावर उत्तर आले की मजकूर अंतिम झाला आहे, फलकावर जागा मर्यादित आहे, मुलांपर्यंत एक ठळक संदेश पोहोचणे महत्त्वाचे आहे, आणि पुस्तिका येत्या शैक्षणिक वर्षात आहे तशीच शाळांमध्ये जाईल. हा निर्णय मला निमूटपणे मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मी कोकणातल्या बेने इस्रायल समाजातली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावोगावी ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्यापैकी एका घरातली. माझी मातृभाषा मराठी, माहेर अलिबाग तालुक्यातले, आणि हयात ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. युरोपातल्या त्या संहाराची झळ आमच्या समाजाला लागली नाही, पण त्यात आमचे शहाणपण काडीइतकेही नव्हते. हिटलरचे सैन्य कोकणापर्यंत पोहोचले नाही, एवढेच. माझ्या आजोबांच्या पिढीने कोणताही इशारा ऐकून कोणताही निर्णय घेतला नव्हता आणि तरीही ती सगळी माणसे म्हातारी होऊन आपापल्या अंथरुणात वारली. त्यामुळे ज्यांनी ऐकले ते वाचले आणि ज्यांनी ऐकले नाही ते मेले, हा हिशेब कोणी माझ्यासमोर मांडला की मला तो मेलेल्यांवर केलेला अन्याय वाटतो. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच, ‘बाई, ते पळून का नाही गेले?’ मुलांचा हा प्रश्न निर्मळ असतो आणि त्याला खरे उत्तर देणे हे आपले काम असते. आपला फलक उत्तर देत नाही, दोष देतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झालेच नाही, असे माझे म्हणणे नाही. ते झाले, अनेक ठिकाणी झाले, जाणत्या माणसांकडून झाले आणि त्यामुळे प्राणही गेले. हा विषय दालनातून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. उलट तो अधिक खोलात जाऊन मांडा, असा माझा आग्रह आहे. माझे आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला आक्षेप काळ आणि ठिकाण यांचा आहे. आपण ‘ज्यू समाज’ असे एकच नाव घेऊन १९३३ सालचे बर्लिन, १९४२ सालचे वॉर्सा आणि १९४४ सालचे हंगेरीतले एखादे गाव एकाच वाक्यात बसवले आहे. जर्मनीत १९३३ साली सुमारे सव्वापाच लाख ज्यू होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले सुमारे एक लाख पुरुष जर्मन सैन्यातून लढले होते आणि १२ हजार कामी आले होते. बापाच्या छातीवरचे पदक पाहून वाढलेल्या मुलाला हा देश आपला नाही हे पटायला वेळ लागला, तर त्याला आंधळेपणा म्हणणे मला जमत नाही. तरीही सप्टेंबर १९३९ पर्यंत त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोक देश सोडून गेले होते. म्हणजे जिथे इशारा स्पष्ट होता आणि हातात वर्षे होती, तिथे बहुसंख्य लोकांनी तो ऐकलाच. राहिले त्यांत वृद्धांचे, गरिबांचे आणि व्हिसा न मिळालेल्यांचे प्रमाण मोठे होते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर बसले आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाचा अपवाद सोडला तर जवळपास सर्वांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला पोहोचले, तिथून आणि मग अमेरिकेकडूनही परत फिरवले गेले, आणि युरोपात परतलेल्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. त्याच मे महिन्यात ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये पाच वर्षांत ७५ हजारांहून अधिक ज्यूंना प्रवेश मिळणार नाही असे जाहीर केले. अमेरिकेच्या व्हिसासाठी तेव्हा जर्मनीत तीन लाखांहून अधिक नावे रांगेत होती.

आपल्या प्रदर्शनात ॲन फ्रँकचे छायाचित्र आहे. तिच्या वडिलांनी इशारा १९३३ सालीच ऐकला होता. फ्रँकफुर्टमधला संसार आवरून त्यांनी बायको-मुलींना ॲमस्टरडॅमला आणले. नंतर अमेरिकेच्या व्हिसासाठी खटपट केली. मे १९४० च्या बॉम्बवर्षावात रॉटरडॅमच्या वकिलातीतली कागदपत्रे नष्ट झाली, १९४१ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. आपला शेवटचा फलक वाचून त्या मुलीच्या छायाचित्राकडे परत जाणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्या बापाविषयी काय समजावे? आणि जे आपल्या मुंबईपर्यंत पोहोचू शकले त्यांचेही ऐका : सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना शत्रू म्हणून ताब्यात घेतले, तेव्हा तत्कालीन अहमदनगरच्या छावणीत नाझींच्या बरोबरीने नाझींपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही डांबले गेले.

ज्यांनी इशारे दिले त्यांनाही पुढचे सगळे दिसत होते, असा आपल्या फलकाचा समज दिसतो. ज्यू राष्ट्रवादी नेते झेव्ह जाबोटिन्स्की यांनी १९३६ सालापासून पूर्व युरोपातल्या लाखो ज्यूंना दहा वर्षांत तिथून बाहेर काढण्याची योजना मांडली आणि त्याबद्दल स्वकीयांकडूनच कडाडून टीका सोसली. परंतु महायुद्ध होणार नाही, हे त्यांचेही मत ऑगस्ट १९३९ पर्यंत कायम होते. संकट येत आहे हे ओळखणे आणि एका संपूर्ण समाजाला कारखान्याच्या पद्धतीने ठार मारले जाणार आहे हे ओळखणे, यांत फार मोठे अंतर होते, आणि ते अंतर कोणाच्याही अनुभवात नव्हते.

दुसरा आक्षेप असा की इशारा कसा येतो, कोणाच्या तोंडून येतो आणि ऐकणाऱ्याच्या हातात त्या क्षणी काय असते, याचा एक शब्दही दालनात नाही. मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती थोडी सविस्तर लिहिते.

डिसेंबर १९४१ मध्ये जर्मनव्याप्त पोलंडमधल्या खेल्मनो गावात ट्रकच्या बंद डब्यात धूर सोडून माणसे मारण्याचे केंद्र सुरू झाले. प्रेते पुरण्याच्या कामाला जुंपलेल्यांपैकी श्लामा बेर विनर नावाचा एक तरुण जानेवारी १९४२ मध्ये तिथून निसटला आणि जवळच्या ग्राबूव्ह गावात रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, दारात जाऊन उभा राहिला. आपण वेडे नाही, आपले डोके ठिकाणावर आहे, हे त्याला सर्वांत आधी सांगावे लागले. मग त्याने काय पाहिले ते सांगितले. रब्बींनी त्यावर विश्वास ठेवला आणि १९ जानेवारीला तसे पत्रही लिहिले. विनर पुढे वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, पोहोचला. तिथे इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लम यांच्या गुप्त दफ्तरखान्यातल्या लोकांनी त्याची साक्ष तपशीलवार उतरवून घेतली आणि ती बाहेरच्या जगाकडे पाठवण्याची सोय केली. त्याला लपण्यासाठी झामोश्चला पाठवले. तिथून त्याने बेल्झेत्स येथेही तसेच केंद्र सुरू झाल्याचे कळवले आणि एप्रिलमध्ये त्याला स्वतःलाच बेल्झेत्सला नेऊन मारण्यात आले. इशारा देणारा होता, ऐकणारे होते, लिहून घेणारे होते, बातमी पुढे धाडणारेही होते. यांपैकी डोळे मिटलेले कोण होते, ते समितीने मला सांगावे.

आता त्याच शहरातली दुसरी बाजू पाहा. जर्मनांच्या हुकमाखाली चालणाऱ्या वॉर्सा घेटोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख आदाम चेर्नियाकूव्ह रोजनिशी लिहीत असत. जुलै १९४२ मध्ये घेटो रिकामा होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा २० तारखेला ते गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, एकेका अधिकाऱ्याला भेटून विचारत फिरले की हे खरे आहे का. एकाने आपल्याला काही माहीत नाही म्हटले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले, आणि शेवटी हा सगळा मूर्खपणा आहे असे त्यांना ठामपणे सांगण्यात आले. त्यांनी ते आश्वासन पोलीस चौक्यांमार्फत लोकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था केली. दोनच दिवसांनी, २२ जुलैला, रोज हजारोंच्या संख्येने माणसे हजर करण्याचा हुकूम आला. मुलांना तरी वगळावे ही त्यांची विनवणी फुकट गेली आणि २३ जुलैला त्यांनी विष घेतले. सप्टेंबर अखेरपर्यंत घेटोतून सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंकाच्या संहार केंद्रात नेली गेली. ‘डोळे मिटून घेतले’ हे शब्द मी चेर्नियाकूव्ह यांच्याबद्दलही वापरू शकत नाही. त्यांनी विचारले होते, आणि ज्यांना विचारले त्यांनी खोटे सांगितले.

लोक स्वतःहून स्थानकावर गेले, हेही खरे आहे. त्याचे कारण जर्मनांनी लावलेल्या नोटिशीत आहे : जो स्वेच्छेने येईल त्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळेल. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत त्या घेटोत उपासमारीने आणि रोगराईने ८० हजारांहून अधिक माणसे मेली होती. ज्याच्या घरात मूल भुकेने निपचित पडले आहे, त्याला तीन किलो पाव हाच पुरावा वाटला : मारायचेच असेल तर खायला कशाला देतील? हा विचार आज चुकीचा ठरला म्हणून तो मूर्खपणाचा ठरत नाही. त्याच दिवसांत बुंद या कामगार पक्षाने झाल्मन फ्रिडरिख या कार्यकर्त्याला गाड्या कुठे जातात ते शोधायला पाठवले. सोकोलूव्हपर्यंत पोहोचून त्याला कळले की भरलेल्या गाड्या त्रेब्लिंकाच्या फाट्याने आत जातात, रिकाम्या परत येतात, आणि आत अन्नाची एकही गाडी जात नाही. ही बातमी गुप्त पत्रकात छापली गेली. तोपर्यंत घेटोतला बहुतेक भाग ओस पडला होता.

अविश्वासामागे आणखी एक कारण होते, जे मला वर्गात नेहमी समजावून सांगावे लागे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या क्रौर्याच्या कितीतरी कहाण्या दोस्त राष्ट्रांच्या वृत्तपत्रांनी रंगवल्या होत्या आणि त्यांतल्या अनेक नंतर खोट्या ठरल्या. शिवाय १९१५ नंतर पोलंडमध्ये आलेले जर्मन सैन्य रशियाच्या झारच्या सैन्यापेक्षा बरे वागले होते, हे घराघरांतल्या म्हाताऱ्यांना आठवत होते. म्हणजे ज्यांना अनुभव होता त्यांचाच अनुभव त्यांना दगा देत होता.

लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराचा उल्लेख आपल्या दालनात एका ओळीचा आहे, तोही अपुरा. त्या शहरातले अर्ध्याहून अधिक ज्यू १९४१ च्या अखेरीपर्यंत जवळच्या पोनारीच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले होते. तिथून जखमी अवस्थेत परतलेल्या मोजक्या लोकांचे ऐकून, हातात कोणताही जर्मन कागद नसताना, तेवीस वर्षांच्या अब्बा कोव्हनर यांनी ३१ डिसेंबर १९४१ च्या रात्री तरुणांच्या सभेत सांगितले की हिटलरने युरोपातले सगळे ज्यू संपवायचे ठरवले आहे आणि मेंढरांसारखे मरणाकडे जायचे नाही. ते वाक्य त्यांनी आपल्याच माणसांना उभे करण्यासाठी म्हटले होते. आज तेच वाक्य मेलेल्यांना हिणवण्यासाठी सर्रास वापरले जाते आणि आपल्या पुस्तिकेतही ते तशाच अर्थाने आले आहे. हेही नमूद करते की सप्टेंबर १९४३ मध्ये कोव्हनर आणि त्यांच्या साथीदारांनी घेटोला उठाव करण्याची हाक दिली तेव्हा बहुसंख्य लोकांनी ती ऐकली नाही. एस्टोनियात कामाला नेत आहेत या आशेला ते धरून राहिले. पोनारी माहीत असूनही आशा सुटली नाही. हा नकार खरा होता आणि तो दाखवायलाच हवा, पण त्याच्या कारणांसकट.

तिसरा आक्षेप फसवणुकीविषयी. इशारे कानाआड होण्यामागे मारेकऱ्यांनी केलेले पद्धतशीर काम होते आणि आपल्या फलकावर ‘त्यांनी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्याचा कर्ता फक्त मेलेले आहेत. १९४३ साली ग्रीसमधल्या सालोनिकातून सुमारे ४५ हजार ज्यूंना नेताना त्यांच्याजवळचे ग्रीक पैसे घेऊन बदल्यात पोलिश चलनाच्या पावत्या हाती दिल्या गेल्या, म्हणजे क्राकूव्हला संसार मांडायला उपयोगी पडतील असे वाटावे. त्रेब्लिंकाच्या फलाटावर तिकीट खिडक्या रंगवल्या होत्या आणि भिंतीवर एक रंगवलेले घड्याळ होते, ज्याचे काटे कधीच हलत नसत. १९४४ साली ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत पोहोचलेल्या हंगेरियन ज्यूंकडून घरी पत्रे लिहून घेतली जात की आम्ही ‘वाल्डझे’ नावाच्या ठिकाणी सुखरूप आहोत, काम करत आहोत. ते पत्र हातात पडलेली आई शेजाऱ्याच्या अफवेवर विश्वास ठेवील की लेकाच्या हस्ताक्षरावर?

चौथा आक्षेप नाजूक आहे, आणि माझ्या समाजातल्या काहींना तो मी मांडू नये असे वाटते. काही नेत्यांना कळले होते आणि त्यांनी ते लोकांना सांगितले नाही. जर्मन ज्यूंचे वंदनीय रब्बी लिओ बेक यांना टेरेझिनच्या घेटोत १९४३ साली ऑश्विट्झविषयी समजले. विषारी वायूने मरण येणार हे जाणून जगणे अधिक क्रूर ठरेल, असा विचार करून त्यांनी ते मनातच ठेवले. रुडॉल्फ व्ह्रबा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन स्लोव्हाक ज्यू एप्रिल १९४४ मध्ये ऑश्विट्झमधून निसटले, मजल दरमजल करत झिलिनाला पोहोचले आणि त्यांनी छावणीचा नकाशा, गाड्यांची नोंद, मारण्याची पद्धत असे सगळे सांगून अहवाल तयार करवला. हंगेरीच्या ज्यूंना सावध करायचे हा त्यांच्या मनातला मुख्य हेतू होता. एप्रिल संपता संपता तो अहवाल बुडापेस्टमधल्या मदत समितीचे रुडॉल्फ कास्टनर यांच्याकडे पोहोचला. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० माणसे ऑश्विट्झला नेली गेली. कास्टनर यांच्याच कोलोजवार या शहरातले हजारो लोक आपण केन्येर्मेझो येथे शेतीकामाला चाललो आहोत या समजुतीत गाडीत बसले, आणि पळून जायला रुमानियाची सरहद्द तिथून अगदी जवळ होती.

कास्टनर त्या वेळी ज्यूंच्या हद्दपारीची सूत्रे हलवणारा नाझी अधिकारी आइखमन याच्याशी वाटाघाटी करत होते आणि त्यांतून जवळपास १,७०० लोकांची एक गाडी वाचली, हेही तितकेच खरे आहे. पुढे इस्रायलमध्ये खटला चालला. १९५५ साली जेरुसलेमच्या न्यायाधीशांनी त्यांच्यावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले, मार्च १९५७ मध्ये तेल अवीवमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतच त्यांचा अंत झाला, आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधीचा निकाल बहुतांशी फिरवला. व्ह्रबा अखेरपर्यंत म्हणत राहिले की लोकांना सांगितले असते तर ते इतक्या सहज गाडीत चढले नसते. इतिहासकार येहुदा बावर यांचे म्हणणे असे की माहिती पोहोचली होती, पण माहिती मिळणे म्हणजे ती मनाने स्वीकारणे नव्हे. मी दोघांचेही वाचून माझे मत बनवले आहे. त्या माणसांना ऐकण्याचा हक्क होता. ऐकून त्यांनी काय केले असते हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता. या मताशी समितीने सहमत व्हावे असा माझा आग्रह नाही. पण ज्यांना काही सांगितलेच गेले नाही, त्यांनी ‘ऐकले नाही’ असे फलकावर लिहिणे हे सरळ असत्य आहे.

पाचवा आक्षेप. ज्यांच्याकडे सैन्य होते, विमाने होती, व्हिसाचे शिक्के होते, त्यांच्याविषयी आपला फलक काहीच बोलत नाही. वॉर्सातून बुंदने पाठवलेला अहवाल, ज्यात सात लाख ज्यू मारले गेल्याचे म्हटले होते, जून १९४२ मध्ये बीबीसीवरून आणि लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मधून जगासमोर आला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी जिनिव्हाहून जागतिक ज्यू काँग्रेसचे गेरहार्ट रिग्नर यांनी संपूर्ण संहाराच्या योजनेची तार पाठवली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती ज्यांच्यासाठी होती त्या अमेरिकन ज्यूंचे नेते रब्बी स्टीफन वाइज यांना दिलीच नाही. त्यांना ती लंडनमार्गे महिनाअखेरीस मिळाली, आणि खात्रीलायक पुष्टी होईपर्यंत गप्प राहा असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती २४ नोव्हेंबरला जाहीर केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात वॉर्साचा घेटो बहुतांशी रिकामा झाला होता.

जुलै १९४३ मध्ये पोलिश दूत यान कार्स्की वॉशिंग्टनला गेले. त्यांनी वॉर्साचा घेटो आणि इझबित्साची छावणी आत शिरून स्वतः पाहिली होती. त्यांचे सगळे ऐकून घेतल्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर, स्वतः व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, म्हणाले की हा तरुण खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही, पण मी यावर विश्वास ठेवू शकत नाही. पुराव्याची पारख करण्यात आयुष्य घालवलेल्या, सुरक्षित, पोटभर जेवलेल्या माणसाची ही अवस्था होती. मग घेटोतल्या शिंप्याकडून आपण कोणती अपेक्षा करतो? लंडनमध्ये बुंदचे प्रतिनिधी श्मुल झिगेलबोइम दारोदार हेच सांगत फिरले आणि कोणी काही करत नाही हे पाहून मे १९४३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सहावा मुद्दा डेन्मार्कचा आहे आणि तो आपल्या फलकाचा पाया काढून घेतो. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस जर्मन वकिलातीतल्या गेऑर्ग डुक्विट्झ यांनी धरपकडीची बातमी डॅनिश नेत्यांना फोडली. त्यांपैकी हान्स हेडटॉफ्ट ती घेऊन ज्यू समाजाचे प्रमुख सी. बी. हेन्रिक्स यांच्याकडे धावले, तेव्हा हेन्रिक्स यांनी त्यांना खोटारडे म्हटले. म्हणजे पहिली प्रतिक्रिया तिथेही अविश्वासाचीच होती. परंतु दुसऱ्या दिवशी, रोश हशाना या नववर्षाच्या आदल्या सकाळी, रब्बी मार्कुस मेल्कियोर यांनी सिनेगॉगमध्ये जमलेल्यांना प्रार्थना थांबवून घरोघर निरोप द्यायला सांगितले. शेजाऱ्यांनी दारे उघडली, कोळ्यांनी होड्या काढल्या, पलीकडच्या काठावर स्वीडनने प्रवेश देऊ केला, आणि सात हजारांहून अधिक ज्यू वाचले. डॅनिश ज्यू हे पोलिश ज्यूंपेक्षा हुशार होते असे कोणी म्हणेल का? इशारा वेळेवर आला, सांगणाऱ्याने तो दडवला नाही, आणि पळायला जागा होती.

पुस्तिकेतल्या प्रश्नाविषयी शिक्षिका म्हणून एवढेच सांगते की तेरा-चौदा वर्षांचे मूल त्याला ‘मी तर १९३३ सालीच गेलो असतो’ असेच उत्तर लिहील, पूर्ण गुण मिळवील आणि मेलेल्यांपेक्षा आपण शहाणे आहोत अशी समजूत घेऊन घरी जाईल.

माझ्या मागण्या अशा आहेत. शेवटच्या फलकावरचा मजकूर काढावा आणि त्याजागी पुढील किंवा तत्सम मजकूर घालावा, जो तेवढ्याच जागेत मावतो : ‘संहाराच्या बातम्या १९४२ पासून येत होत्या. काहींना त्या खऱ्या वाटल्या नाहीत, काहींपर्यंत त्या पोहोचू दिल्या नाहीत, आणि ज्यांना खऱ्या वाटल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणत्याही देशाने दार उघडले नाही.’ पुस्तिकेतला ‘कोणत्या वर्षी देश सोडला असता’ हा प्रश्न वगळून, वर दिलेल्यांपैकी एखाद्या प्रसंगात कोणाला काय माहीत होते, कोणी काय सांगितले आणि कोणते मार्ग उघडे होते, हे मुलांना शोधायला लावणारा प्रश्न द्यावा. ‘वाल्डझे’ची खोटी पत्रे, वॉर्सातली पाव-जॅमची नोटीस, रिग्नर यांची तार आणि मित्र राष्ट्रांची उत्तरे तारखांच्या क्रमाने मांडणारा एक स्वतंत्र फलक वाढवावा, त्याचा मजकूर तयार करण्याचे काम मी विनामोबदला करीन. चेर्नियाकूव्ह, बेक आणि कास्टनर यांचे निर्णय नावांसह आणि त्यांवरील दोन्ही बाजूंच्या मतांसह दाखवावेत, कारण समाजाचे दोष झाकून समाजाचे रक्षण होते असे मला वाटत नाही. आणि ही दुरुस्ती होईपर्यंत पुस्तिका एकाही शाळेत पाठवू नये.

या पत्राचे उत्तर समितीने मला खासगीत न देता जाहीरपणे द्यावे, आणि मजकूर बदलायचा नसल्यास तो कोणत्या पुराव्याच्या आधारे कायम ठेवला जात आहे, हेही त्यात लिहावे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
ठाणे